पत्त्याच्या रकान्यापाशी अडलेला अर्ज

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील वगळून):

आम्ही सातारचे. हे मार्च २०२५ मध्ये नोकरीसाठी जर्मनीत आले, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावर. जुलैत मी, अकरा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी असे तिघं श्टुटगार्टजवळ त्यांच्याकडे राहायला आलो. मुलीला किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, जागा मिळाली, ती रुळली. मुलगा सप्टेंबरपासून सात आठवडे शाळेत गेला आणि रोज तोंड पाडून परत आला. दिवाळीला सासरे इथे होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जाताना ते त्याला घेऊन गेले आणि जुन्याच शाळेत दुसऱ्या सत्राला बसवलं. तात्पुरतं म्हणून.

इथे मुलांसाठी सरकार दर महिन्याला पैसे देतं, किंडरगेल्ड, हे कळूनही आता काही महिने झाले. अर्ज भरलेला नाही. हे म्हणतात, आपण कमवायला आलोय, हात पसरायला नाही. यांचा लंडनला असलेला मावसभाऊ म्हणतो, असले पैसे घेतले की व्हिसावर गदा येते. इथल्या एक ओळखीच्या वहिनी मात्र म्हणतात, मुलाचं नाव अजून तुमच्याच पत्त्यावर आहे ना, मग दोघांचेही घ्या, कोण बघायला येतंय? हे सगळं सासूबाईंच्या कानावर गेलं, तर त्या म्हणाल्या, नातवाचे पैसे इकडे पाठवा. मी पुण्यात बँकेत होते, इथे अजून नोकरी नाही. पैसे माझ्या खात्यावर घेता येतात का? मुलाचे घ्यावेत का? फॉर्म घेऊन बसले की मुलाच्या पत्त्याच्या रकान्याशी येऊन थांबते.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र फेब्रुवारीतलं आहे, म्हणून पहिलं सांगणं तारखेचंच. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. अर्ज याच महिन्यात फामिलिएनकासेकडे, म्हणजे किंडरगेल्ड देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, पोचू द्या. किंडरगेल्ड मागचंही मिळतं, पण ज्या महिन्यात अर्ज पोचला त्याच्या आधीच्या सहाच महिन्यांचं. फेब्रुवारीत पोचला तर ऑगस्टपासूनचं हातात पडेल. मार्चमध्ये पोचला तर ऑगस्ट गेला, एप्रिलमध्ये पोचला तर सप्टेंबरही गेला. जुलै तर आताच गेला आहे.

तुमच्या आसपास दहा-पंधरा वर्षं मुरलेली मंडळी असतील. ती म्हणतील, निवांत भरा, मागचं सगळं मिळतं. ती खोटं बोलत नाहीत, जुनं बोलतात. २०१८ च्या आधी चार वर्षांपर्यंतचं मागता यायचं. मी स्वतः मानहाइमला असताना फॉर्म जवळजवळ दोन वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवला होता आणि मग सगळी रक्कम एकदम मिळाली होती. त्या पैशांतून घेतलेलं कपाट अजून माझ्याकडे आहे. आज तेवढाच आळस केला असता तर दीड वर्षाच्या पैशांवर पाणी सोडावं लागलं असतं.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. हात न पसरण्याचा. हा बाणा मला परका नाही. सरकारी पैसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तहसील कचेरीतला दाखला, पिवळं रेशनकार्ड आणि ‘लाभार्थी’ हा शब्द येतो. स्वतःच्या मिळकतीवर संसार करणाऱ्या माणसाला त्या रांगेत उभं राहायला नको वाटतं. पण किंडरगेल्ड त्या रांगेतलं नाहीच. ते प्राप्तिकराच्या कायद्यात बसवलेलं आहे. १९९० मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की मुलाच्या किमान पोटापाण्याला लागणाऱ्या उत्पन्नावर सरकारला कर घेता येणार नाही. १९९६ पासून त्याची व्यवस्था अशी आहे: दर महिन्याला यजमानांच्या पगारातून कर कापताना मुलांचा विचार होत नाही, पूर्ण कापला जातो, आणि मुलांच्या वाट्याचा भाग किंडरगेल्ड म्हणून परत मिळतो. कायद्याच्या भाषेत ते कराचा परतावाच आहे. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना कापलेल्या करापेक्षा जास्त मिळतं आणि तेवढा भाग मदत म्हणून धरला जातो. पण ब्लू कार्डवरच्या इंजिनिअरच्या बाबतीत बहुतेक वेळा त्याचाच पैसा फिरून त्याच्याकडे येत असतो.

आणखी एक गंमत आहे, ती यजमानांना जरूर सांगा. वर्षाअखेरीस कर विवरण भरलं की फिनान्सआम्ट, म्हणजे तिथलं कर कार्यालय, आपणहून हिशेब करतं: या कुटुंबाला किंडरगेल्ड फायद्याचं की मुलांसाठीची करसवलत, म्हणजे किंडरफ्रायबेट्राग? उत्पन्न चांगलं असेल तर सवलत जास्त भरते. मग ती दिली जाते आणि किंडरगेल्डची रक्कम त्यातून वजा होते. पण वजा करताना तुम्ही ते पैसे खरोखर घेतलेत का, हे बघत नाहीत. तुमचा हक्क होता, एवढंच बघतात. म्हणजे स्वाभिमानाने न घेतलेले पैसेही मिळाले असं धरून वजा होतात! यजमानांचा बाणा फिनान्सआम्टच्या संगणकाला दिसत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो तुमच्या हातून गेलेल्या जुलैच्या कामाचा आहे. अर्जात हक्काची सुरुवात जुलै २०२५ पासूनच मागा, पैसे ऑगस्टपासून मिळणार हे माहीत असूनही. फामिलिएनकासेच्या निर्णयपत्रात ‘जुलैचा हक्क मान्य, पण उशिरामुळे रक्कम देय नाही’ असं लेखी आलं, तर करसवलतीच्या हिशेबात जुलैचे पैसे वजा धरत नाहीत. ते निर्णयपत्र २०२५ च्या विवरणाच्या फायलीत ठेवा. फार मोठी रक्कम नाही, पण उशीर झाला म्हणून तीही का सोडायची?

लंडनच्या मावसभावाचं काय? तो त्याच्या जागी अगदी बरोबर आहे. ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर असलेल्यांच्या कागदावर बहुधा ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ अशी अट असते, आणि तिथलं चाइल्ड बेनिफिट त्या निधीच्या यादीत येतं. ते मागणं म्हणजे व्हिसाची अट मोडणं. त्याने तुम्हाला सावध केलं ते आपलेपणानेच. फक्त त्याच्या गावचा नियम तुमच्या गावाला लागू नाही. जर्मनीच्या निवास कायद्यात नेमकं उलटं लिहिलेलं आहे: परदेशी माणूस स्वतःच्या पायावर उभा आहे का, हे पाहताना किंडरगेल्डला सरकारी आधार धरायचं नाही. बाळंतपणानंतर मिळणाऱ्या एल्टर्नगेल्डचंही तसंच. ब्लू कार्डवर कायम निवासाचा परवाना २७ महिन्यांनी मागता येतो, जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मध्यम पातळी गाठली तर २१ महिन्यांनी. त्या फायलीत किंडरगेल्डचं पत्र असल्याने काहीही बिघडत नाही. बेकारांना मिळणाऱ्या निर्वाह भत्त्याची गोष्ट निराळी आहे. तो त्या फायलीत अडचणीचा ठरू शकतो. लोक या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत घालतात आणि मग वाड्यावस्त्यांवर जाव्या तशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात.

एवढ्याने मुलीचा प्रश्न मिटला. ती तुमच्यापाशी राहते, किटात जाते, यजमानांकडे ब्लू कार्ड आहे. ऑगस्ट ते डिसेंबर पाच महिने २५५ युरोप्रमाणे आणि जानेवारी २५९ युरो, म्हणजे १,५३४ युरो तिच्या नावे येणं आहे. २०२६ पासून दरमहा २५९. त्यासाठी घाबरायचं कारण नाही, लाजायचं तर नाहीच.

आता मुलाकडे वळते. तुम्ही रकान्याशी थांबता असं लिहिलंत, त्या एका वाक्यामुळेच मी हे उत्तर एवढं लांबवते आहे.

वहिनी म्हणतात, नाव पत्त्यावर आहे. तुम्ही बँकेत होतात, ताई. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन येणाऱ्या पेन्शनरांची रांग तुम्ही काउंटरच्या आतून पाहिली असेल. खात्यावर नाव आहे म्हणून पेन्शन चालू राहत नाही, माणूस आहे हे दाखवावं लागतं. इथेही तसंच. आनमेल्डुंगचा, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचा, कागद हा पुराव्याचा एक तुकडा. विचारलं जातं ते हे की मूल खरोखर कुठे राहतं. किंडरगेल्डसाठी मुलाचं घर जर्मनीत, युरोपीय संघात, नॉर्वे-आइसलँडच्या गटात किंवा स्वित्झर्लंडमध्ये असावं लागतं. तुर्कस्तान, मोरोक्को अशा काही देशांशी जर्मनीचे जुने करार आहेत, त्यामुळे तिथे राहणाऱ्या मुलांना कमी दराने का होईना पैसे मिळतात. भारताशी झालेला करार पेन्शनपुरता आहे. मुलांच्या पैशांबद्दल त्यात काही नाही.

आणि ‘कोण बघायला येतंय’ हे जर्मनीत तर मुळीच म्हणू नये. अकरा वर्षांचं मूल नोंदणीत दिसतंय आणि कुठल्याच शाळेच्या पटावर नाही, हे तिथे फार दिवस झाकून राहत नाही. शाळा सक्तीची आहे, घरी शिकवतो म्हणायची सोय नाही. फामिलिएनकासे एक दिवस शाळेचा दाखला मागेल. तेव्हा काय पाठवणार, साताऱ्याच्या हेडमास्तरांच्या सहीचा? वर सांगितलं तसं हे पैसे कायद्याने कराचा परतावा आहेत. त्यामुळे खोटी माहिती देऊन घेतलेले पैसे नुसते परत करून सुटका होत नाही, ते करचुकवेगिरीच्या कलमात जातं. कायम निवासाच्या फायलीत किंडरगेल्ड अडचणीचं नाही, पण असला गुन्हा नक्की आहे. महिन्याच्या २५९ युरोंसाठी हा धोका घेऊ नये. वहिनींशी वाद घालू नका. त्या विषयावर हसून चहा पुढे करा.

पण मुलाचं एक पैसाही मिळणार नाही असं मात्र नाही. तो जुलैपासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुमच्यापाशी होता. महिन्यातला एक दिवस जरी अट पूर्ण होत असली तरी तो महिना धरतात, म्हणजे नोव्हेंबरही आला. फेब्रुवारीत अर्ज पोचला तर ऑगस्ट ते नोव्हेंबर, चार महिन्यांचे १,०२० युरो त्याच्या हक्काचे. जुलैचं वर सांगितलं तसंच.

डिसेंबरपासून पुढचं काय? इथे तुमचा तो शब्द आडवा येतो. ‘तात्पुरतं.’ ताई, हा शब्द तुम्ही पत्रात लिहिलात खरा, पण त्याच्यापुढे तारीख लिहिली नाहीत. कधीपर्यंत तात्पुरतं? वार्षिक परीक्षेपर्यंत? मुलगी पहिलीत जाईपर्यंत? त्याची दहावी होईपर्यंत?

जर्मन कारभारी लोक हाच प्रश्न विचारतात, फक्त कोरडेपणाने. साधारण वर्षाच्या आतला मुक्काम असेल आणि परत येणं ठरलेलं असेल, तर मुलाचं जर्मनीतलं घर मोडलं असं सहसा मानत नाहीत. त्याची खोली, पलंग, कपडे तिथे आहेत, मे-जूनमध्ये तो परत येतोय, तिकीट काढलंय, शाळेशी बोलणं झालंय, तर डिसेंबरपासूनचेही पैसे चालू राहू शकतात. पण शिक्षणासाठी बरीच वर्षं आजी-आजोबांकडे ठेवायचं ठरलं असेल तर पारडं फिरतं. अशा मुलांबाबत तिथल्या न्यायालयांनी पाहिलं आहे ते हे की शाळेच्या सुट्टीचा निम्म्याहून जास्त काळ मूल आईबापाच्या घरी काढतं का. दिवाळीत आठ दिवस आणि मेमध्ये पंधरा, एवढ्याने तो भेटीला आलेला पाहुणा ठरतो.

म्हणून मुलाचं घर कुठे, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. फामिलिएनकासेचा बाबूही नाही. ते तुम्हा दोघांनी आधी ठरवायचं आहे. तुम्हाला पैशाचा पेच पडलाय असं पत्रावरून वाटतं, पण मला वाटतं पेच दुसराच आहे. सात आठवड्यांत पोराला हार मानू दिली, की वेळीच त्याची सुटका केली, हे तुम्ही दोघांनी एकमेकांना अजून विचारलेलं नाही. आणि न विचारताच सत्र संपत आलंय.

सात आठवडे फार थोडे असतात, एवढं माझ्या अनुभवावरून सांगते. माझी मुलगी तिसरीत असताना तिथल्या वर्गात बसली, तेव्हा पहिले तीन महिने ती शाळेतून आली की आधी बाथरूममध्ये जायची. दिवसभर जायची नाही, कारण ‘जाऊ का’ हे कसं विचारायचं ते तिला येत नव्हतं आणि चुकलं तर हसतील याची भीती. मला हे कळलं तेव्हा डिसेंबर उजाडला होता. तुमचा मुलगा रोज तोंड पाडून येत होता म्हणजे नेमकं कशाने, हे त्याला कुणी विचारलं होतं का? भाषा, डबा, एखादं पोर, की असंच काही साधं, सांगायला लाज वाटणारं? आल्या आल्या मुलांना नियमित वर्गाऐवजी भाषेच्या तयारी वर्गात बसवण्याची सोय बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये आहे. तो तशा वर्गात होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर दुसऱ्या खेपेला आधी तीच चौकशी करा.

त्याने साताऱ्यातच राहावं असं ठरलं, तर त्यातही पाप नाही. आपल्याकडे आजोळी वाढलेली, मामाकडे राहून शिकलेली माणसं घरटी एक सापडतील. मी फक्त एवढंच म्हणते की ठरवून राहू दे, राहून गेला असं नको. कारण दुसरंही एक घड्याळ चालू आहे. जर्मनीबाहेर फार काळ राहिलं की निवास परवाना आपोआप रद्द होतो. एरवी सहा महिन्यांची मुदत, ब्लू कार्डवाल्याच्या कुटुंबाला बारा. म्हणजे येत्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याचं कार्ड संपलं, वरची तारीख काहीही छापलेली असो. आणि कायमचाच गेला असं दिसलं तर बारा महिनेही थांबत नाहीत. मुदत वाढवून हवी असेल तर ती संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला लेखी कळवून मंजुरी घ्यावी लागते. याउलट तो परत येणार नाही हे पक्कं झालं, तर पत्त्यावरून नाव काढणं, आबमेल्डुंग, तुमच्यावर बंधनकारक आहे. घर सोडल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. पण ती केली की परवान्यावरही परिणाम होणार, म्हणून आधी निर्णय, मग आबमेल्डुंग. उलट क्रम नको.

निर्णय या महिन्यात होणार नसेल तरी अर्ज अडवू नका. दोन्ही मुलांची नावं घाला. मुलाच्या पत्त्यात साताऱ्याचा पत्ता लिहा आणि सोबत अर्ध्या पानाचं साधं पत्र जोडा: अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होता, अमुक कारणाने आजी-आजोबांकडे आहे, परतण्याबाबत आमचा विचार असा असा आहे. जेवढं खरं तेवढंच. मग डिसेंबरपासून द्यायचं की नाही ते त्यांनी ठरवू दे. नाही म्हणाले तर नाही. त्यात तुमचा अपमान नाही आणि तुमच्या माथी काही लागतही नाही. पुढे काही बदललं, तो आला, किंवा आला होता तो पुन्हा गेला, तर लगेच कळवायचं. घेणाऱ्यावर तशी कायद्याने जबाबदारीच असते आणि बहुतेक माणसं इथेच फसतात. पहिला अर्ज खराच असतो, नंतरचं कळवायचं राहून जातं.

मुलगा भारतात राहिला म्हणून सगळं बुडालं असंही नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. किंडरगेल्ड गेलं तरी यजमानांना करसवलत मागता येते, कारण तिला मुलाचं घर जर्मनीत असण्याची अट नाही. फक्त राहणीच्या खर्चाप्रमाणे देशांचे गट पाडलेले आहेत आणि भारतातल्या मुलासाठी सवलतीचा चौथा हिस्सा मिळतो. २०२६ ची पूर्ण सवलत ९,७५६ युरो, तेव्हा चौथा हिस्सा २,४३९ युरो. तेवढ्या उत्पन्नावर कर नाही. हातात येणारी रक्कम यजमानांच्या कराच्या दरावर ठरेल, काहीशे युरो सहज. विवरणासोबत मुलांसाठीचं जोडपत्र असतं, त्यात त्याचं नाव घालायचं, जन्मदाखला तयार ठेवायचा. यजमानांनी मागच्या वर्षाचं विवरण भरलंच नसेल तर स्वेच्छेने भरायला चार वर्षांची मुभा आहे. इथे सहा महिन्यांसारखी घाई नाही.

सासूबाईंना मग काय सांगायचं? सांगा की नातू तिकडेच राहिला तर सरकारकडून त्याचे पैसे येत नाहीत, पण त्याचा खर्च आमचा आहे आणि तो आम्ही दर महिन्याला पाठवू. त्यांनी मागितले ते सरकारचे पैसे नव्हेत असा मला दाट संशय आहे. साठी उलटल्यावर अकरा वर्षांचं पोर सांभाळायचं, डबा, शिकवणी, सायकलचं पंक्चर, तापाची रात्र, याची कुणीतरी आपणहून दखल घ्यावी, असं त्यांना वाटत असेल. बँकेतून पाठवा, म्हणजे मुलाचा खर्च तुम्ही करता याचा कागदही राहील. मुलीच्या पैशांतून पाठवलेत तरी कायदा विचारत नाही, किंडरगेल्ड कशावर खर्च केलं याचा हिशेब कुणी मागत नाही.

आता तुमचा जो प्रश्न पत्रात एका ओळीत उरकलेला आहे, तो. माझ्या खात्यावर घेता येतात का? येतात. आईबाप एकत्र राहत असतील तर घेणारा कोण, हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. फॉर्मवर दुसऱ्याने संमतीची सही करायची. तुमच्या नावाने अर्ज करा, खातं तुमचं द्या. तुम्ही नोकरी सोडून आलात, इथे तुमच्या नावाने अजून एक कागद नाही. फामिलिएनकासेचं पत्र तुमच्या नावाने पेटीत पडेल. यजमानांना हे सांगताना आडून सांगू नका. ‘मला माझ्या खात्यावर हवेत’ एवढं वाक्य पुरे आहे. ज्याला हे पैसे मुळात घ्यायचेच नव्हते, त्याला ते कुठल्या खात्यावर जातात याची अडचण नसावी!

अर्जाला लागतं ते मोजकं: फॉर्म, प्रत्येक मुलाचं जोडपत्र, तुमचा आणि मुलांचा कर ओळख क्रमांक, निवास परवान्याची प्रत, जन्मदाखले. कर क्रमांकाचं पत्र आनमेल्डुंगनंतर घरी आलं असेल, जाहिरात समजून फेकलं नसेल अशी आशा. ऑनलाइन भरता येतो. कागदावर पाठवलात तर स्वतःजवळ एक प्रत ठेवा आणि एखादा कागद कमी पडतोय म्हणून थांबू नका. कागद मागाहून देता येतो, अर्जाची तारीख मात्र मागे नेता येत नाही.

दुसऱ्या देशांतून वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण अशी पत्रं सगळीकडून येतात. ब्रिटनचं वर आलंच. व्हिसावरची अट आधी वाचा. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या आणि सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा हक्क, मिळालेल्या गोव्याच्या कुटुंबांना ती अट नसते, पण मूल म्हापशाला आणि पैसे स्विंडनला, हे तिथेही चालत नाही. कॅनडात वर्क परमिटवर असाल तर पहिले १८ महिने थांबावं लागतं आणि एकोणिसाव्या महिन्यात परमिट वैध असावं लागतं, शिवाय नवरा-बायको दोघांनीही दर वर्षी कर विवरण भरलं पाहिजे, उत्पन्न शून्य असलं तरी. जपानमध्ये अर्ज नगरपालिकेत, राहायला आल्यापासून १५ दिवसांच्या आत केला तर महिना बुडत नाही. आखातात सरकारचं असं काही नसतं. तिथे मुलांच्या शाळेचा भत्ता कंपनीच्या करारात घालून घ्यायचा तो सही करायच्या आधीच.

तर ताई, फॉर्म आजच भरायला घ्या. पत्त्याचा रकाना शेवटी भरा. त्याआधी मुलाला एक फोन करा, यजमान नसताना, सासूबाईही शेजारी नसताना. साताऱ्यात साडेपाचला शाळा सुटून तो घरी आलेला असेल तेव्हा तुमच्याकडे दुपारचा एक वाजलेला असतो, मुलगी अजून किटात असते. अभ्यासाचं विचारू नका. त्या सात आठवड्यांत नेमकं काय झालं होतं, एवढंच विचारा.